माहिती पोचली, मदत पोचली नाही: मिश्री-तंबाखूबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त आरोग्यसेविका. सारी नोकरी उपकेंद्रांवर गेली, त्यामुळे मंत्रालयात कागद कसा चालतो ते मला फारसं कळत नाही. वरून आलेला कागद खाली गावात पोचेपर्यंत त्याचं काय होतं, ते मात्र चांगलं कळतं. म्हणून हे पत्र.

३१ मे, जागतिक तंबाखू विरोधी दिन, दरवर्षी कसा साजरा होतो ते सांगते. दोन दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात निरोप येतो: रॅली काढा, शपथ घ्या, फोटो ग्रुपवर टाका. आपल्याकडे मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, हे निरोप देणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मग आशाताई दारोदार फिरून पोरं गोळा करतात. पोरं घोषणा देत पारावरून जातात. पारावरची मंडळी हातावर तंबाखू मळता मळता कौतुकानं बघतात. स्वतःचा नातू पुढे फलक धरून चाललेला दिसला, तर मळणं थांबवून टाळ्याही वाजवतात. फोटो जातात, अहवाल जातो, आणि वर्षभर पुन्हा त्या विषयाचं नाव कुणी काढत नाही.

रॅलीनं कुणाचं नुकसान होत नाही. पण तंबाखू वाईट हे गावातल्या माणसाला ठाऊक नाही, ते सांगितलं की आपलं काम झालं, असं तिच्यामागे गृहीत धरलेलं असतं, आणि ते खरं नाही. केंद्र सरकारनं २०१६-१७ मध्ये प्रौढांच्या तंबाखूसेवनाचं मोठं सर्वेक्षण केलं. त्यात बिनधुराच्या तंबाखूनं गंभीर आजार होतो असं मानणारे ९५.६ टक्के निघाले. शंभरातल्या पंचाण्णव माणसांना जे माहीत आहे, तेच आपण दरवर्षी त्यांना ओरडून सांगतो आहोत. त्याच सर्वेक्षणात हा तंबाखू खाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक तो सोडायच्या विचारात होते. पण दवाखान्यात गेलेल्यांपैकी किती जणांना डॉक्टरनं किंवा नर्सनं 'सोडा' असं तोंडानं सांगितलं? तिघांतल्या एकालाही नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तरी कुणी ना कुणी सांगतं.

आपल्या राज्यात तर हे अगदीच उलटं पडतं. त्याच सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के, आणि खाणारे, लावणारे, दाढेत धरणारे २४.४ टक्के. बायकांमध्ये ओढणाऱ्या १.४ टक्के, बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्या १६.६ टक्के. आणि सरकारी भिंतींवर सगळीकडे पाटी कसली? 'धूम्रपान निषिद्ध'. पाटीखालच्या कोपऱ्यातले लाल फराटे मात्र कुणी मोजत नाही.

या बायकांबद्दलच मला जास्त लिहायचं आहे, कारण पुरुषांचा तंबाखू निदान दिसतो. बायकांची मिश्री घरात असते, आणि घरात ती व्यसनात धरतच नाहीत. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची. त्या वेळी सगळ्या घराला ठसका लागतो, लेकरांना बाहेर पिटाळतात. मग ती चुरून, वस्त्रगाळ करून डबीत भरायची. सकाळी उठल्यावर चिमूटभर डाव्या तळहातावर घ्यायची आणि बोटानं हिरड्यांना लावत बसायचं. दात घासायला एवढा वेळ लागत नाही. तोंडात लाळ धरून बाई पंधरा-वीस मिनिटं उंबऱ्यावर बसते, कारण दिवसभरात तिला स्वतःसाठी मिळणारी तेवढीच मिनिटं असतात. मग जेवण झालं की पुन्हा, दुपारी पुन्हा, झोपताना पुन्हा. दाढ दुखते म्हणून रडणाऱ्या पोरीच्या हिरडीलाही आजी तीच लावते. आणि तिथून पुढची पिढी सुरू होते.

आता आपल्या यंत्रणेचं बघा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जोखीम तपासणीचा फॉर्म आशाताई भरतात. त्यात तंबाखूचा प्रश्न आहे, धुराचा आणि बिनधुराचा दोन्ही. कागदावर काहीच कमी नाही. पण प्रश्न विचारला जातो ओट्यावर, सासू समोर बसलेली, दीर खाटेवर. "तंबाखू खाता का हो?" बाई पदर सावरून "नाही बया" म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते, कारण ती तंबाखू खात नाहीच, ती दात घासते. फॉर्मवर शून्य पडतो. मी नव्या मुलींना शिकवायचे की हातात फॉर्म घेऊन विचारूच नका. चुलीपाशी बसा, आधी दातांची चौकशी करा. हिरडी सुजते का, गरम-गार झोंबतं का, दात कशानं घासता. या तिसऱ्या प्रश्नाला डबी आपोआप फळीवरून खाली येते. पुरुषांच्या बाबतीतही तेच: सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाला गडचिरोली-चंद्रपूरकडे खर्रा म्हणतात, इकडे मावा, कुठे तपकीर, कुठे नुसती चुना-तंबाखूची पुडी. ज्या भागात जे चालतं त्याच्या नावानं विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. फॉर्म सगळीकडे एकच असला तरी विचारायची पद्धत जिल्ह्याजिल्ह्याला वेगळी शिकवायला काय हरकत आहे?

गरोदर बाईचं तर वेगळंच दुखणं आहे. मुंबईत बाराशेवर गरोदर बायकांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचं प्रमाणही जास्त आढळलं. या बायका बहुतेक मिश्रीवाल्या होत्या. आमच्या उपकेंद्रात अडीच किलोच्या आतलं बाळ जन्मलं की आम्ही लोहाच्या गोळ्या घेतल्या का, आहार काय होता, पाळणा लांबवला होता का, सगळं विचारतो. मिश्रीचं कुणी विचारत नाही. उलट डोहाळे लागले, मळमळतंय, म्हणून याच दिवसांत मिश्री वाढते हे मी पाहिलेलं आहे. पहिल्या नोंदणीच्या वेळी आणि दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची जी तपासणी असते तीत हा एक प्रश्न घातला, तर खर्च शाईचा तेवढा येईल.

तोंडाचा कर्करोग वेळीच ओळखण्यासाठी करायच्या तोंडाच्या तपासणीबद्दल आता. तीस वर्षांवरच्या माणसाचं तोंड उपकेंद्रावर तपासायचं, हा नियम आपल्याकडे आहेच. पण प्रत्यक्षात रक्तदाब घेतला जातो, बोटातून रक्त घेऊन साखर बघितली जाते, आणि तोंडाच्या रकान्यात 'नॉर्मल' लिहिलं जातं. कारण रक्तदाबाला यंत्र आहे, साखरेला पट्टी आहे, आणि तोंड बघायला लागणारी बॅटरी सेल संपून कपाटात पडलेली आहे. शिवाय दुसऱ्याच्या गालात बोट घालायची किळस वाटते, ती नव्या मुलींना तर फारच. मी त्यांना दोष देत नाही. पण एकदा दहा-पंधरा तोंडं शिकवणाऱ्याबरोबर बसून बघितली, की किळस जाते आणि नजर तयार होते. हातमोजा घालायचा, गालाची आतली बाजू बोटानं ताणून धरायची, जीभ उचलून खाली बघायचं. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरलेलं व्रण. आणि माणसाला त्याचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगायचं. सुपारी-गुटखा-खर्रा खाणाऱ्या कित्येक तरुण पोरांची दोनच बोटं जातात, म्हणजे तोंड उघडणं कमी होत चाललेलं असतं, आणि ते धोक्याचं लक्षण आहे. तोपर्यंत घरच्यांना वाटत असतं, पोरगं हल्ली तिखट खात नाही, एवढंच.

ही तपासणी म्हणजे वेळ घालवणं आहे असं कुणी आपल्याला सांगितलं, तर त्यांना केरळ दाखवा. तिरुवनंतपुरमजवळ १९९०च्या दशकात मोठी चाचणी झाली. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू तपासणी झालेल्या भागात सुमारे एक तृतीयांशानं कमी होते. आणि नुसता सल्ला तरी उपयोगी पडतो का? त्याचंही उत्तर जुनं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांतल्या छत्तीस हजार तंबाखू घेणाऱ्या गावकऱ्यांवर काम सुरू केलं. दरवर्षी तोंड तपासायचं आणि त्या माणसाला त्याच्या तोंडात काय दिसतंय ते सांगून सोडायला सांगायचं. सोडणारे वाढले, पांढरे चट्टे कमी झाले. आणि अगदी आपल्या दारातलं हवं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या एक लाख एक हजार सातशे एकसष्ट गावकऱ्यांची तोंडं याच लोकांनी तपासली होती. तो अहवाल १९७२ चा आहे. बार्शीला ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे. म्हणजे आकडे, पुरावे, पद्धत, सगळं आपल्याकडे पन्नास वर्षांपासून आहे. म्हणून 'आणखी एक अभ्यासगट नेमू' असं कृपा करून म्हणू नका.

सोडायला मदत म्हणजे काय, ते मी मिश्रीपुरतं सांगते, कारण तेच मला नीट येतं. बाई मिश्री सोडते तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट साफ होत नाही. डोकं धरतं, चिडचिड होते, लेकरांवर हात उचलला जातो. पोट अडलं की शेजारीण सांगते, "अगं, चिमूटभर लाव, होईल मोकळं." लावली की खरंच होतं, कारण अंगाला तंबाखूतल्या निकोटिनची सवय झालेली असते. इथेच शंभरातल्या बहुतेक जणी परततात. आणि ही गोष्ट आपल्या एकाही पोस्टरवर नाही! पोस्टरवर सडलेल्या जबड्याचा फोटो आहे. ज्या बाईचं आज सकाळी पोट अडलंय, तिला जबड्याचा फोटो काय कामाचा? तिला आधीच सांगायला हवं की असं होणार, पहिला आठवडा सगळ्यात वाईट, पाणी वाढव, भाजी-भाकरीत चोथा वाढव, गरज पडली तर उपकेंद्रातून साधं औषध देऊ, पण डबी उघडू नको. आणि चौथ्या दिवशी तिच्या दारात कुणीतरी जायला हवं. तलफ येते ती काही मिनिटांची असते. ती मिनिटं कुणाबरोबर तरी बोलत काढली तर निघतात.

तंबाखू सोडवण्याची केंद्रं आहेत, मान्य. पण ती जिल्हा रुग्णालयात. तिथे जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एका दिवसाचा रोज बुडवायचा. पोट दुखत नाही, ताप नाही, आणि माणूस रोज बुडवून 'मला सवय सोडवा' म्हणायला तालुका ओलांडून जाईल, हे कुणी ठरवलं? मोफत सल्ल्याचा १८००-११-२३५६ हा क्रमांक पुडीवर छापलेला असतो. चांगली सोय आहे, पण माझ्या वस्तीतल्या बायकांपैकी स्वतःचा फोन स्वतःच्या हातात असलेल्या थोड्या. तंबाखू सोडताना तलफ भागवायला निकोटिनची च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आता तिला जागा आहे. उपकेंद्राच्या कपाटात मात्र नाही. आणि ती नुसती देऊनही भागत नाही. ती गोळीसारखी गिळायची नसते, चॉकलेटसारखी चघळतही राहायचं नसतं. थोडी चावायची, झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायची, पुन्हा थोडी चावायची. हे कुणी दाखवलं नाही तर माणूस भराभर चावतो, उचकी लागते, मळमळतं, आणि "तुमच्या औषधापेक्षा आपली पुडी बरी" म्हणून परत जातो. ज्याचं तोंडच उघडत नाही किंवा दात हलतात त्याला ती देऊन उपयोग नाही, आणि गरोदर बाईला डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायची नाही. हे सगळं उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला शिकवता येण्यासारखं आहे. एक दिवस पुरतो.

ऊसतोडीच्या टोळ्यांचा प्रश्न आपण वेगळा धरावा. दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, अहिल्यानगरकडून माणसं निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पहाटेच्या थंडीत उठायचं, भाकरी थापून ठेवायची आणि फडात उतरायचं. पोटात काही नसताना मिश्री किंवा तंबाखू भूक मारतो, म्हणून तो घेतला जातो. अशा बाईला 'व्यसन सोड' म्हणणं मला शेवटी शेवटी जड जायचं. तिच्या न्याहारीचं काय, हे आधी विचारावं लागतं. गावच्या यादीत ती 'बाहेरगावी' असते आणि कारखान्याच्या गावात तिचं नावच नसतं, त्यामुळे तिचं तोंड सहा महिने कुणीच बघत नाही. गाळप हंगामात कारखान्याच्या तळावर आठवड्यातून एकदा संध्याकाळी तपासणी ठेवली तर ती होईल. दुपारी ठेवली तर कुणीही येणार नाही.

गुटखाबंदीबद्दल फार लिहीत नाही, तो खरं तर अन्न व औषध प्रशासनाचा विषय. जुलै २०१२ मध्ये राज्यानं बंदी घातली आणि ती दरवर्षी वाढवली जाते. तरी माल मिळतो, हे टपरीवर उभ्या राहिलेल्या कुठल्याही पोराला विचारा. पण बंदी कडक झाली तरी माझ्या मिश्रीवालीला तिचा काही फरक पडत नाही, कारण साधी तंबाखूची पुडी बंदीत येतच नाही. ती किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी टांगलेली असते. तंबाखू विकणाऱ्या दुकानात गोळ्या-बिस्किटं असू नयेत, विक्रेत्यांना वेगळा परवाना असावा, असं केंद्रानं २०१७ मध्येच राज्यांना सुचवलं होतं. शाळेपासून शंभर यार्डांत विक्री नको हा तर २००३ चा कायदा. त्याला दंड दोनशे रुपयांपर्यंत. एवढ्या दंडाला कुणी भीत नाही. ग्रामसभेनं मनावर घेतलं तर मात्र गोष्ट वेगळी होते. गडचिरोलीत २०१६ पासून 'सर्च' संस्था आणि शासनानं मिळून 'मुक्तिपथ' हे अभियान चालवलं. त्यात गावोगाव लोकांच्याच संघटना उभ्या राहिल्या, दारू आणि तंबाखू दोन्हींवर. तिथे काय जमलं, काय अडलं, हे आपल्याच खात्याला माहीत आहे. इतर जिल्ह्यांना ते कळवलं तरी पुष्कळ.

आता एक अवघड गोष्ट. आपलीच माणसं. बैठकीला जमलेल्या आशाताईंच्या पिशव्या उघडल्या तर काहींच्या पिशवीत डबी निघेल. केंद्रातले शिपाई, ड्रायव्हर, काही कर्मचारी, अहो, काही डॉक्टरसुद्धा बैठक सुटली की खिशात हात घालतात. त्यांच्यावर कारवाईचं पत्र काढलंत तर डबी पिशवीच्या आणखी तळाशी जाईल, बाकी काही होणार नाही. पहिली सोय त्यांच्यासाठी करा. जी आशाताई स्वतः मिश्री सोडून सहा महिने राहिली आहे, तिच्याइतकं पटवून सांगणारं दुसरं कुणी नाही. तिला पोट अडल्याचं माहीत असतं, सासूनं मारलेला टोमणा माहीत असतो. अशा बायकांना चार वस्त्यांवर फिरू द्या आणि त्या फेऱ्यांचा मोबदला द्या. फुकटात नको. आशांच्या माथी फुकटची कामं आधीच पुष्कळ आहेत.

मासिक अहवालात आज रकाने आहेत ते असे: किती रॅल्या, किती शपथा, किती पोस्टर. माझी विनंती आहे की यातला एक तरी काढावा आणि त्या जागी दोन घालावेत. या महिन्यात किती तोंडं बॅटरीनं बघितली, आणि तीन महिन्यांपूर्वी सोडलेल्यांपैकी आज किती जण सोडूनच आहेत. दुसरा आकडा सुरुवातीला फार लहान येईल. कुणाला वीसात दोन मिळतील, कुणाला एकही नाही. त्यावर आढावा बैठकीत कुणाला उभं करून झापू नये, नाहीतर पुढच्या महिन्यात तो आकडा कागदावर आपोआप मोठा होईल, आणि तो कसा होतो हे मी आपल्याला सांगायला नको.

मी आणि माझ्याबरोबरच्या तीन-चार निवृत्त आरोग्यसेविका तोंड कसं बघायचं ते शिकवायला तयार आहोत. एक तालुका द्या. मानधन नको, एसटीला आम्हाला सवलत आहेच. उपकेंद्राला चालू बॅटरी, हातमोज्यांचा खोका, निकोटिन गमचा थोडा साठा आणि संशयित माणसाला पुढे पाठवलं तर ग्रामीण रुग्णालयातले दंतवैद्य त्याच आठवड्यात त्याला बघतील असं लेखी पत्र, एवढं आपल्याकडून हवं आहे. पावसाळ्यात माणसं गावात असतात, तेव्हा सुरू केलं तर ऊसतोडीला निघायच्या आधी एक फेरी पूर्ण होईल.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका